लांब चिमट्याची सायकल

"हिच्यात चूक कुठं हाय, तेवढं सांगा उस्ताद."

सन्मती मगदूमनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर उस्ताद दारापुढच्या कट्ट्यावर मेथी निवडत बसले होते. वय चौऱ्याहत्तर. अंगात बाह्यांची बनियन, आणि दोन्ही हात सारखे थरथरणारे. एकेक पान देठापासून सुटेपर्यंत चार-चार वेळा चिमटीतून निसटायचं. तरी त्यांनी मान वर केली नाही.

"बस की."

"बसायला आलो न्हाई."

"बरं... मग उभा ऱ्हा."

आणि पुन्हा मेथी.

सन्मती उभा राहिला. दुपारचे चार वाजले होते. गल्लीच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग चालले होते, आणि इचलकरंजीत जन्मलेल्या माणसाला तो आवाज ऐकूही येत नाही. पण आज त्याला तो डोक्यात बसल्यासारखा ऐकू येत होता. डाव्या कोपराला रुमाल गुंडाळला होता. रुमाल लाल झाला होता. उजव्या हातानं त्यानं सायकल धरली होती.

सायकल म्हणायची, पण तशी सायकल त्या गल्लीनं पाहिली नव्हती. पुढचं चाक धरणारा चिमटा साडेतीन फूट लांब, तिरका, चाक पार पुढं नेऊन टाकणारा. मागं मोपेडचं जाड टायर. बसायची जागा लांबट, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि हँडल मात्र बैलाच्या शिंगांसारखं वर, छातीच्याही वर गेलेलं. दोन चेन जोडून एक केलेली. फ्रेम काळी, तिच्यावर आमसुली रंगाची एक बारीक रेघ. ती रेघ मारायला त्याला चार दिवस लागले होते.

आठ महिने त्यानं ही घराच्या मागच्या अंगणात बनवली होती. भंगारातले पाइप, दोन जुन्या सायकली, आणि स्वतःचं वेल्डिंगचं जुनं मशीन. ते चालू केलं की शेजारच्या उपाध्यांच्या घरातले दिवे मिणमिणायचे. त्यांनी आधी दारावर थाप मारली, मग बोलणं सोडलं.

बायको पद्मा सकाळी सातला कपडे शिवायच्या कारखान्यात जायची. जाताना त्याचं जेवण झाकून ठेवायची. संध्याकाळी आली की अंगणात डोकावून एवढंच विचारायची, "झाली?"

"होत आली."

पहिले काही महिने ती विचारायची. मग नुसती डोकावायची. मग तेही बंद झालं.

आज सकाळी सायकल पुरी झाली होती. सन्मतीनं अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि तो मागांच्या जुन्या शेडसमोरच्या चहाच्या गाड्यापाशी ती घेऊन गेला. सतरा वर्षं त्यानं त्या शेडवर जॉबर म्हणून काढली होती. अठ्ठेचाळीस मागांची दुरुस्ती त्याच्या एकट्याच्या हाताखाली. कुठल्या मागाचा धोटा कुठं अडतोय ते तो चहा पिता पिता, नुसत्या आवाजावरून सांगायचा. मग मालकांनी जुने माग मोडीत काढले आणि नवे आणले. नव्यांना त्याचा कान नको होता.

गाड्यापाशी सगळे होते. सगळ्यांनी पाहिलं. दोघांनी मोबाइल काढले. सरळ रस्त्यावर सायकल झकास गेली. मग परत यायला म्हणून त्यानं ती हळू केली, आणि हँडल हातातून निसटल्यासारखं एका अंगाला पडलं.

तो कोपरावर आपटला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दोघांनी त्याला उचललं, एकानं इस्त्रीच्या शर्टावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "जपून, जॉबर..."

दुपार कलेपर्यंत तो रस्त्याकडेला बसून होता; मग सायकल हातात धरून दोन किलोमीटर चालत आला होता. पाय कुठं चाललेत ते त्याला निम्म्या वाटेत समजलं. चौदा वर्षं त्यानं या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं.

"किती बारी कापलास?" उस्तादांनी विचारलं.

"काय?"

"चिमटा."

"दोनदा. अठ्ठेचाळीस इंच होता. बेचाळीस केला."

"हं..."

"वेल्डिंग बघा. एक ठिपका कुठं जास्तीचा न्हाई."

"बघितलं."

"मग?"

"हँडलवरचा हात सोड."

सन्मतीनं सायकल मांडीला टेकवली आणि हँडल सोडलं. पुढचं चाक आपल्या आपण फिरलं आणि एका बाजूला कलंडून पडलं.

"पडतंय," उस्ताद म्हणाले.

"पडतंय ते मला बी दिसतंय. का पडतंय?"

उस्तादांनी पहिल्यांदा मान वर केली. डोळ्यांत मोतीबिंदूचं पांढुरकं पाणी.

"तुला ठाऊक न्हाई व्हय?"

सन्मतीनं हँडल पुन्हा धरलं.

त्याला ठाऊक होतं. चौथ्या महिन्यापासून ठाऊक होतं. चिमटा ज्या नळीत फिरतो ती फ्रेमची मानच त्यानं नको तेवढी आडवी जोडली होती. दिसायला ऐटबाज दिसायची म्हणून. ती मान कापून उभी करायची, म्हणजे पुढचं सगळं मोडून पुन्हा करायचं. चिमटा दोनदा कापला तो मान कापायला लागू नये म्हणून. जगात आणखी काही उपाय असलाच तर तो या म्हाताऱ्याला ठाऊक असेल, अशी एक वेडी आशा त्याला इथवर घेऊन आली होती.

"दुसरा काय इलाज?"

उस्तादांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

याच कट्ट्याच्या शेजारी पूर्वी त्यांचं सायकलचं दुकान होतं. सन्मती तिथं सतराव्या वर्षी आला आणि पुढची काही वर्षं तिथंच राबला. उस्तादांच्या बायकोनं, चाचींनी, त्याच्यासाठी वेगळी ताटली, वेगळं भांडं ठेवलं होतं. जैनाचं पोर म्हणून कांदा-लसूण न घालता वेगळी आमटी करायच्या. चातुर्मासात दिवस मावळायच्या आत तो जेवला की नाही, हे त्याच्या आईआधी त्या विचारायच्या. पुढं शेडवर लागल्यावरही तो सुट्टीला दुकानात यायचा, दिवसभर काम करायचा.

मग कल्लाप्पा दूधवाल्याची सायकल आली. हँडल किंचित वाकडं होतं. सन्मतीनं ते सूत लावून सरळ केलं. उस्तादांनी ते पुन्हा वाकडं करायला लावलं, कारण कल्लाप्पाच्या दुधाच्या सगळ्या किटल्या डाव्या अंगाला असायच्या, आणि त्या वजनानं सायकल वाकड्या हँडलनंच सरळ जायची. चार गिऱ्हाइकांसमोर सन्मती म्हणाला, "वाकडं काम करायला मी हितं येत न्हाई. तुम्ही जन्मभर पंक्चरच काढणार." पाना खाली टाकला आणि गेला.

  आत्ता उस्ताद भिंतीला हात लावत उठले. चप्पल पायात सरकवली. सायकलीपाशी आले आणि थरथरता हात त्या आमसुली रेघेवरून फिरवला.

"मला शिकव," ते म्हणाले.

"काय शिकवू?"

"ही चालवायला."

"उस्ताद, चेष्टा नका करू."

"चेष्टा कशाला? असली सायकल मी कधी चालवली न्हाई. मला येत न्हाई. तू बनवलीस, तू शिकव."

"मलाच येत न्हाई!" सन्मती ओरडलाच. "हे बघा, कोपर बघा. सकाळी सगळ्यांसमोर..."

"बरं. मग दोघं शिकू."

आणि म्हाताऱ्यानं एक पाय पलीकडं टाकलासुद्धा.

घरातून सून यास्मिन धावत आली. "अब्बा! येड लागलंय का तुम्हाला? डॉक्टर काय म्हणाले?"

"हळू चाल म्हणाले. हळूच चालवतो."

"सन्मतीभाऊ, तुम्ही तरी सांगा."

 तोवर उस्तादांचे हात त्या उंच हँडलला जाऊन पोचले होते. बनियनच्या बाह्यांतून दोन काटक्या वर गेल्यासारखे दिसत होते.

"मागनं धर," उस्ताद म्हणाले.

त्यानं धरलं. लहान मुलाला शिकवताना धरतात तशी बैठकीची मागची कड मुठीत धरली. सायकल दोन हात गेली, हँडल पडलं, उस्ताद पडले. सन्मतीनं त्यांना काखेत हात घालून धरलं, तरी गुडघा रस्त्याला घासलाच.

समोरच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवली. 

"पुरे आता, उस्ताद. लोक बघायल्यात."

"बघू देत. त्यांना बी असली चालवायला येत न्हाई."

दुसऱ्यांदा. आठ-दहा हात. पुन्हा पडले. या वेळी उस्तादांच्या हाताचा तळवा सोलवटला. ते रस्त्यावर बसून राहिले. छाती वर-खाली होत होती.

"दमलो रे..." ते म्हणाले. सन्मतीकडं बघून नाही. कुणाकडंच बघून नाही.

सन्मती त्यांच्याशेजारी तिथंच, रस्त्यावर बसला. इस्त्रीच्या शर्टाचं आता काही उरलं नव्हतं. तो दमला होता, पण आजच्या दिवसानं नाही. आठ महिन्यांचा शीण होता, त्याआधीचाही होता. कुठून सुरू झाला ते त्याला सांगता आलं नसतं.



"चाची गेल्या तवा मी आलो न्हाई," सन्मती म्हणाला.

"ठाऊक हाय."

"दोन दिवस उशिरा कळलं. तवा बी यायला पायजे होतं."

"हां..."

"गल्लीच्या तोंडापर्यंत आलतो."

उस्तादांनी तळव्यात रुतलेला एक खडा काढायला घेतला. तो निघेना. सन्मतीनं तो हात आपल्या हातात घेतला आणि नखानं खडा काढला. हात त्याच्या हातातही थरथरत राहिला.

"उठीव मला," उस्ताद म्हणाले.

तिसऱ्यांदा सन्मतीनं मागनं धरलं. सायकल डगमगली, पुढचं चाक डावीकडं पडायला गेलं, उजवीकडं आलं, पुन्हा डावीकडं... आणि चालत राहिली. पाच हात, दहा हात. सन्मती वाकून मागनं पळत होता. वीस हात झाले. मग त्याच्या लक्षात आलं, आपण धरलेलंच नाही.

तो थांबला.

उस्ताद पुढं चालले होते. अगदी हळू. सन्मतीला सकाळी याच्या दुप्पट वेगात ती सावरता आली नव्हती. त्यानं नीट बघितलं. म्हाताऱ्याचे हात हँडलवर कुठंच घट्ट नव्हते. थरथरत होते. आणि त्यांच्यासोबत ते लांब, अवघड चाकही सारखं इकडं-तिकडं थोडं थोडं हलत होतं, पण पडत नव्हतं.

रस्त्याच्या टोकाला विजेची डीपी होती. तिथं पोचल्यावर उस्ताद उतरले. उतरले म्हणजे थांबले आणि कसेबसे पाय टेकले. रिक्षावाल्यानं टाळ्या वाजवल्या. दारातल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला.

सन्मती धावत पोचला.

"उस्ताद, तुमचे हात..."

"हां. हलत्यात. काय करू?"

"तसं न्हाई. मी सकाळी हँडल असं आवळून धरलं होतं..." त्यानं मुठी आवळून दाखवल्या. मग त्या मुठींकडं बघत राहिला.

 उस्ताद डीपीच्या ओट्यावर टेकले आणि सोलवटलेला तळवा मांडीवर उलटा ठेवला. यास्मिननं पाण्याचा तांब्या पाठवला होता. समोरच्या बाईनंच तो आणून दिला. उस्तादांनी अर्धा प्याला, अर्धा सन्मतीला दिला. तो त्यांच्याशेजारी बसून प्याला.

"मान कापावी लागंल की न्हाई?" त्यानं विचारलं.

"लागंल."

"तुम्ही तर चालवली."

"हां. पर पद्माला मागं बसवणार असशील तर कापावी लागंल."

सन्मतीनं कधी सांगितलं नव्हतं, उस्तादांनी बैठक बघूनच ओळखलं; ती त्यानं दोघांपुरती लांब केली होती. मागं पाठ टेकायला सळईची कमान केली होती, आणि तिच्यावर जुन्या उशीतला कापूस भरून गादी शिवली होती. ती त्यानं स्वतः शिवली, पद्माला शिवायला दिली नाही. पहिल्या दिवशी तिला कारखान्याच्या दारातून घेऊन यायचं होतं. हे कुणाला बोललो, तर सायकल व्हायच्या आधीच ते विझून जाईल, असं त्याला वाटायचं.

तो खाली बघत म्हणाला, "उस्ताद... आणखी एक हाय."

"बोल."

"शेडवरनं बोलावणं आलंय. नव्या मागांवर. तीन महिने शिकायचं, मग बघू म्हणाले." तो थांबला. "हेल्पर म्हणून."

"मग?"

"तितं एक पोरगी हाय. ऋतुजा नावाची. डिप्लोमा झालीय. चोवीस वर्षांची. तिच्या हाताखाली. ती सांगणार, मी पाना द्यायचा. त्रेचाळीस वर्षांचा झालो मी. त्या शेडमधले निम्मे लोक माझ्या हाताखाली शिकल्यात. त्यांच्यासमोर..."

सन्मतीनं रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला.

"आज संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाले. दहा दिवस झाले त्याला, त्यानंतर त्यांचा फोन उचलला न्हाई मी. पद्माला सांगितलं न्हाई. मला वाटलं, ही सायकल झाली की लोक येतील, म्हणतील, मलाबी असली एक करून द्या. मग कुणाच्या हाताखाली जायला नको..."

त्यानं सायकलीकडं बघितलं. ती डीपीला टेकून उभी होती. पुढचं चाक एका अंगाला पडलं होतं.

उन्हं उतरायला लागली होती. शेडांतून पाळी सुटायची वेळ जवळ आली होती.

 उस्ताद जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. डोळे मिटून बसून राहिले. झोप लागली की काय, असं सन्मतीला वाटलं.

मग त्यानं खिशातून मोबाइल काढला. सकाळच्या आपटण्यानं त्याच्या काचेला तडा गेला होता. शेडचा नंबर लावला. तिकडून ऋतुजाचा आवाज आला तेव्हा तो ओट्यावरून उठून उभा राहिला.

"मी सन्मती मगदूम बोलतोय, मॅडम... हां, तोच. जॉबर होतो... उद्या सकाळी येतो. सात वाजता... न्हाई, नव्या मागांची काही माहिती न्हाई मला. कायच न्हाई... हां. येतो."

फोन ठेवला. हातातला मोबाइल बारीक हलत होता. त्यानं तो खिशात घातला, पण हात तसाच हलत राहिला.

"सांगितलं," तो म्हणाला.

"ऐकलं."

"उस्ताद... जमंल का मला?"

उस्तादांनी डोळे उघडले. गुडघ्यांवर हात रेटून सावकाश उठले. सायकलीपाशी गेले, पडलेलं चाक पायानं सरळ केलं आणि हँडलला हात घालून एक पाय पलीकडं टाकला. पुढं रस्ता संपला होता. घर मागं होतं.

"मागनं धर," ते म्हणाले. "मला अजून वळायला येत न्हाई."